कुरुंदाचा दगड

गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेटीतून माझ्या वडिलांचा खिशातला चाकू निघाला. शिंगाची मूठ, कडेला पितळेची पट्टी, आणि मिटला म्हणजे जेमतेम बोटाएवढा. मोठे पाते झिजून झिजून मूळच्या रुंदीच्या निम्मे उरलेले. माझ्या नातीने तो उघडला, पात्यावरून अंगठा आडवा फिरवून पाहिला आणि म्हणाली, "आजोबा, हा मला द्या. धार मी लावीन. फक्त दगड कोणता घेऊ, तेवढे सांगा."

प्रश्न साधा होता, पण मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. एक तर त्या पात्यात आता झिजायला फारसे पोलाद राहिलेले नाही. चुकीचा दगड मिळाला तर दोनचार महिन्यांत तो चाकू नुसती मूठ होऊन बसायचा. आणि दुसरे असे की, याच चाकूच्या आणि दगडाच्या बाबतीत मी स्वतः एकदा चांगलाच चुकलो होतो.

आम्ही रत्नागिरीकडचे. घरची थोडी आंब्याची झाडे होती आणि पावसाळ्याच्या उतरत्या दिवसांत वडील भेटकलमे बांधीत. कुंडीतले रायवळ आंब्याचे रोप उचलून हापूसच्या फांदीशेजारी माचीवर ठेवायचे, दोघांचीही साल थोड्या लाकडासकट चारदोन बोटे लांब तासायची, आणि त्या दोन जखमा एकमेकींना अशा भिडवून बांधायच्या की मधून वारा जाऊ नये. ही जखम काचेसारखी सपाट हवी. काप खरबरीत झाला की कलम धरत नाही. त्यासाठी वडिलांचा हा चाकू. पेन्सिलीला किंवा सुपारीला तो कधी लागला नाही. एके सकाळी, त्यांना मदत करावी या सद्धेतूने, मी तो चाकू विहिरीच्या काठावरच्या धोंडीवर घासला. त्या धोंडीवर गडीमाणसे कोयते आणि विळे परजीत. तेव्हा तिच्यावर चाकूलाही धार येणार, असा माझा दहा वर्षांच्या वयाला शोभणारा तर्क! धार आली नाहीच. उलट पात्याला करवतीसारखे दाते पडले.

वडील रागावले नाहीत. रागावते तर बरे झाले असते. त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक करडा दगड काढला. फणसाच्या लाकडाच्या बैठकीत तो बसवलेला होता. त्यावर तेलाचे दोन थेंब टाकले आणि ते ओटीवर बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. कलमांचा तो दिवस फुकट गेला. संध्याकाळी एवढेच म्हणाले, "हा कुरुंद आहे. विहिरीची धोंड नव्हे." त्या दिवशी ते पाते जवभर अरुंद झाले. पुढे ते जसजसे झिजत गेले तसतसे मला वाटत राहिले की, यातले जवभर माझ्या खाती आहे.

नातीला मी हेच सांगितले : कुरुंदाचा दगड आण. ती बाजारात जाऊन हात हलवीत परत आली. दुकानदार म्हणाला होता, कुरुंद आम्ही ठेवत नाही, आमच्याकडे आहे तो कार्बोरंडम. "दोन्ही एकच का हो आजोबा?" मी 'हो' म्हणणार होतो. पण नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर विसंबून एकदा आपण तोंडघशी पडलो आहोत, हे आठवले, आणि पुस्तके काढून बसलो. मग त्यात असा गुंतलो की फराळाचे दिवस संपले तरी माझे वाचन संपेना.

धार लावणे म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. पोलादापेक्षा कठीण असे असंख्य बारीक कण पात्याच्या कडेवरून फिरवून तिथले पोलाद खरवडून काढायचे, एवढाच तो व्यवहार. पण नुसता कठीणपणा पुरत नाही. कण एकसारखे लागतात. आमच्या विहिरीची धोंड काळ्या खडकाची. तिच्यात कुठे मऊ, कुठे टणक, कुठे पोकळ. विळ्याला तेवढे चालते, कारण गवताला दातेरी धारही कापते. कलमाच्या चाकूला चालत नाही. सगळ्या जगाने दगडांची निवड केली ती या एका गोष्टीसाठी : कण बारीक हवा आणि सगळीकडे सारखा हवा.

ही निवड फार जुनी आहे. रोमन पंडित प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या सृष्टिज्ञानाच्या प्रचंड ग्रंथात धारेच्या दगडांना जागा दिली आहे. कोणते दगड तेलावर चालतात, कोणते पाण्यावर, क्रीट बेटाचे कसे, नॅक्सॉस बेटाचे कसे, याची तो चर्चा करतो. न्हाव्यांच्या दुकानात जो एक मऊ दगड वापरीत तो माणसाच्या थुंकीवर चांगला चालतो, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे. ते वाचून मला दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन गिऱ्हाइकांची थोडी दया आली. उत्तरेकडे नॉर्वेच्या किनाऱ्यावर दहाव्या शतकाच्या अखेरचे एक जहाज सापडले आहे. क्लोस्टाड हे त्या गावाचे नाव. त्या जहाजात माल होता तो धारेच्या दगडांचा. म्हणजे हा दगड समुद्रावरून विकायला नेण्याइतका मोलाचा होता. इंग्लंडात सटन हू येथे १९३९ साली सातव्या शतकातले एक राजेशाही दफन उघडले गेले, त्यात एक चौकोनी घडवलेला लांब दगड निघाला. दोन्ही टोकांना माणसांचे चेहरे कोरलेले, आकार धारेच्या दगडाचा, पण त्यावर एकदाही पाते फिरलेले नाही. राजदंड म्हणून तो मिरवला जात असावा, असे विद्वान मानतात. तलवारीवर ज्याची सत्ता त्याच्या हातात तलवारीला धार देणारा दगड, ही कल्पना मला मोठी समर्पक वाटली.

पुढे काही खाणींनी नाव कमावले. बेल्जममधल्या आर्देन डोंगरात व्हिएलसाल्मच्या आसपास एक पिवळट दगड निघतो, कोटिक्यूल नावाचा. त्याच्यात सूक्ष्म गार्नेटचे, म्हणजे तामड्याचे, कण भरलेले असतात आणि वस्तऱ्यासाठी त्याचा लौकिक आहे. अमेरिकेत आर्कान्सा प्रांतात हॉट स्प्रिंग्जजवळच्या डोंगरांत जो दगड निघतो तो जवळजवळ निव्वळ गारगोटीच, पण कण इतके बारीक की दगड मेणासारखा लागतो. गोरे लोक तिथे पोहोचण्यापूर्वी तिथले मूळ रहिवासी त्याच्या खाणी खणून भाल्यांची पाती घडवीत होते. जपानात क्योटोच्या डोंगरांतल्या दगडांवर तलवारी उजळल्या गेल्या. यांतले काही आजही मिळतात. पण प्रत्येक तुकडा निराळा. एका खाणीतल्या शेजारशेजारच्या दोन दगडांतला एक उत्तम आणि एक सामान्य निघायचा. निसर्ग काही चाळणी घेऊन बसलेला नसतो.

आता आपल्याकडे वळू. आपला कुरुंद या सर्वांहून कठीण. हिऱ्याच्या खालोखाल निसर्गात जे काही आहे त्यात त्याचा नंबर लागतो. दक्षिणेत सेलमच्या बाजूला आणि म्हैसूर प्रांतात तो पूर्वीपासून सापडे, मध्य भारतात रीवा भागात सापडे. धारेसाठी त्याची तुळतुळीत लादी क्वचितच मिळते. म्हणून आपल्या कारागिरांनी निराळी युक्ती काढली. कुरुंद कुटून त्याची पूड करायची, ती वितळलेल्या लाखेत कालवायची आणि तिचे चाक ओतायचे. ही शाण. एकाने दोरी मागेपुढे ओढून चाक फिरवायचे आणि दुसऱ्याने त्यावर हत्यार किंवा रत्न धरायचे. शिकलगारांच्या तलवारी आणि जवाहिऱ्यांची माणके अशा चाकांवर घासली गेली. शाणेवर घासून बारीक झालेला मणी अधिकच शोभतो, ही भर्तृहरीची नीतिशतकातली कल्पना आपल्याला ठाऊक आहे. तिच्यामागे हे लाखेचे चाक आहे, ते मात्र आपण विसरलो. आणि ते चाक म्हणजे पूड करून, सारखी करून, पुन्हा बांधलेला दगड. मनुष्याने स्वतः बनवलेला दगड! पुढची सारी गोष्ट याच कल्पनेची आहे.

संस्कृतात या खनिजाला कुरुविंद म्हणत, तमिळमध्ये कुरुंदम्. आणि गंमत पाहा, संस्कृत रत्नशास्त्रात कुरुविंद हे माणकाच्या एका जातीचेही नाव आहे. घासायचा दगड आणि घासला जाणारा मणी, दोघांना एकच नाव! अठराव्या शतकात मद्रासच्या बाजूने या दगडाचे नमुने इंग्लंडात जाऊ लागले. १७२५ साली जॉन वुडवर्ड याच्या खनिजांच्या यादीत हे नाव वेड्यावाकड्या रूपात आले. १७९८ साली चार्ल्स ग्रेव्हिल याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आशियातल्या या दगडाविषयी निबंध वाचला. फ्रान्समधून परागंदा झालेला काउंट द बूर्नाँ हा स्फटिकांचा जाणकार तेव्हा लंडनमध्ये होता. त्याने १८०२ साली या दगडाचे स्फटिक तपासून, माणिक आणि नीळ ही रत्ने या दगडाचीच रूपे आहेत, असे मांडले. रंग तेवढे निराळे, द्रव्य तेच. आमच्या रत्नपरीक्षकांनी एकाच नावाखाली जे ठेवले होते ते युरोपच्या विज्ञानाने एकाच सूत्राखाली आणले. इंग्रजीत त्या नावाचे झाले कोरंडम.

आता अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या एका लहान गावी जायचे. साल १८९१. एडवर्ड ॲचेसन नावाचा, पूर्वी एडिसनच्या हाताखाली काम केलेला, एक खटपट्या गृहस्थ कृत्रिम हिरा करण्याच्या नादाला लागला होता. एका लोखंडी वाडग्यात त्याने माती आणि कोळशाची म्हणजे कोकची पूड एकत्र केली, मध्ये कार्बनची कांडी खोचली आणि जबरदस्त विजेचा प्रवाह सोडला. सगळे थंड झाल्यावर वाडग्यात हिरा नव्हता. पण कांडीच्या टोकाला काही चमकणारे कण चिकटले होते. त्याने एक कण शिसपेन्सिलीच्या टोकाला बसवला आणि काचेवर ओढला. काच कापली गेली!

हे नवे द्रव्य कार्बन आणि कोरंडम यांच्या संयोगाने झाले, अशी ॲचेसनची समजूत झाली. म्हणून त्याने दोन्ही नावे जोडून 'कार्बोरंडम' हे नाव ठेवले. समजूत चुकीची होती. त्यात कोरंडमचा लवलेशही नव्हता. मातीतल्या सिलिकॉनने कोळशातला कार्बन धरला होता. पण नाव पडले ते पडले. १८९३ मध्ये पेटंट मिळाले. सुरुवातीचा माल अगदी थोडा, म्हणून तो रत्ने घासणाऱ्यांना विकला गेला. १८९५ साली नायगाराच्या धबधब्याची वीज घेऊन मोठा कारखाना उभा राहिला आणि जे रत्नाच्या भावाने विकले जात होते ते वाळूसारखे ढिगांनी निघू लागले. ते कुटायचे, चाळण्यांनी कणाकणांची प्रतवारी लावायची, मातीत बांधून भट्टीत भाजायचे. शाणेचीच युक्ती, लाखेच्या जागी भाजलेली माती. खाणीला जे जमले नव्हते ते चाळणीने साधले. पहिल्या दगडासारखा हजारावा दगड मिळू लागला.

थोड्याच वर्षांत बॉक्साइट विजेच्या भट्टीत वितळवून खरा कोरंडमही माणसाने तयार केला. बॉक्साइट आपल्या कोल्हापूरकडे सापडते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. या कृत्रिम कोरंडमचा तांबूस रंगाचा एक अमेरिकन दगड जगभरच्या सुतारांत प्रसिद्ध झाला. त्याचे विक्रीचे नाव 'इंडिया'. म्हणजे ज्या दगडात कुरुंद आहे त्याला आमच्या देशाचे नाव, आणि ज्यात नाही त्याला कुरुंदाचे! अशा घोटाळ्यात आमचा हार्डवेअरवाला सापडला तर त्याला दोष कसा द्यावा?

तो दगड मग समुद्र ओलांडून इकडे आला. बाहेरचे दगड मुंबईच्या नागदेवीच्या बाजारात मिळत. वडिलांनी त्यांचा दगड तिथूनच आणल्याचे मी ऐकले आहे. १९४१ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे उरणजवळ मोरा येथे दोघा पारशी गृहस्थांनी घासणीची चाके बनवायला प्रारंभ केला. आणि १९५४ साली मुरुगप्पा घराण्याने अमेरिकेच्या कार्बोरंडम कंपनीशी आणि एका ब्रिटिश कंपनीशी हातमिळवणी करून कारखाना काढला तो नेमका मद्रासला. ज्या किनाऱ्यावरून सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुरुंदाचे नाव निघाले होते त्याच किनाऱ्यावर ते अमेरिकन शेपूट लावून परत आले. नातीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "ते सगळे ठीक आहे, पण मी घेऊ काय?"

तिचे बरोबर होते. इतिहासाने पोट भरत नाही आणि चाकूही कापत नाही. तेव्हा मी तिला जे सांगितले ते इथे देतो. पहिला दगड महागाचा घेऊ नये आणि खाणीचाही घेऊ नये. खाणीचा दगड ज्याचा हात बसला आहे त्याने घ्यावा. नवशिक्याला धार आली नाही तर दोष हाताचा की दगडाचा, हे कळत नाही. बाजारात मिळतो तो दोन अंगांचा करडा दगड, एक अंग भरड आणि एक बारीक, हाच पहिला. तो पात्याहून चांगला लांब हवा, सहा इंच तरी. खिशातल्या चाकूसाठी खिशातला दगड घ्यावा, असे पुष्कळांना वाटते. पण लहान दगडावर पाते डगमगते आणि धार गोल होते. आकड्यांच्या भानगडीत फार पडू नये. जपानी दगडावरचा हजार आणि दुसऱ्या देशाच्या दगडावरचा हजार हे एक नव्हेत, कारण मोजण्याची रीत निराळी. हिऱ्याची पूड बसवलेल्या पट्ट्या हल्ली मिळतात. अमेरिकेत १९५४ च्या अखेरीस कृत्रिम हिरा साधला, त्याचे हे फळ. ॲचेसनचे स्वप्न असे दुसऱ्याच्या हातून पुरे झाले. नव्या, फार टणक पोलादांना या पट्ट्या उत्तम. पण शिकाऊ हातात त्या पाते भराभर खातात, आणि आपल्याकडे खाऊ घालायला पाते आहेच कुठे?

रस्त्यावरून सायकल उभी करून पायट्याने चाक फिरवणारा धारवाला येतो. सुरी-कात्रीसाठी त्याला खुशाल हाक मारावी. बारीक पाते मात्र त्याच्या चाकावर द्यायचे नाही. ठिणग्या उडतात तेव्हा पाते तापते, कडेला निळसर झाक येते, आणि तिथले पाणी उतरते. मग ती धार टिकत नाही.

तेल की पाणी, हा वाद प्लिनीच्या काळापासूनचा. द्रवाचे काम घासून निघालेला काळा गाळ दगडाच्या छिद्रांत बसू न देण्याचे. दोन्हींपैकी काहीही चालते, पण एकदा तेल दिलेल्या दगडाला पुन्हा पाण्याची गोडी लागत नाही. खोबरेल मात्र नको; ते थिजते आणि चिकट होऊन दगड बुजतो. शिवणयंत्राचे पातळ तेल बरे. वडील खोबरेलच वापरीत आणि दर दिवाळीला दगड सोड्याच्या उकळत्या पाण्यात घालीत, हे मला या लेखाच्या निमित्ताने आठवले. पाते दगडावर काटकोनात उभे धरावे, कोन निम्मा करावा, पुन्हा निम्मा करावा. तिथे हात स्थिर ठेवावा. एका अंगाने घासता घासता पलीकडच्या अंगाला नखाला अडकेल असा तारेसारखा बारीक कंगोरा उठला म्हणजे ते अंग झाले. मग दुसरे अंग, मग बारीक बाजू, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढून तो कंगोरा उतरवायचा.

तिने दोन अंगांचा दगड आणला. वडिलांच्या चाकूला हात लावायचा नाही, या अटीवर बाजारातला एक साधा चाकू तिच्या हाती दिला. सहा महिने तिची बोटे काळी दिसत होती. पहिला महिना तर धार उतरतच गेली. मग एके दिवशी तिने वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून आवाज न करता कापून दाखवला.

आता वडिलांच्या चाकूची पाळी. त्यासाठी मी त्यांचाच दगड काढला. तोपर्यंत माझ्याकडे भिंग आले होते. भिंगाखाली करड्या अंगातून काळसर हिरवे कण लकाकले. कुरुंद नव्हताच तो, कार्बोरंडम होता. वडील आयुष्यभर त्याला कुरुंद म्हणत आले आणि त्यावर उत्तम कलमे करीत आले.

पण दगडाला मध्ये खोलगट चर पडला होता. त्यांच्या हाताच्या हजारो फेऱ्यांचा. खोलगट दगडावर धार सरळ येत नाही. काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून दगड सपाट करता येतो, हे नातीने वाचले होते. तिने पूड आणलीही. तिला 'कर' म्हणवेना आणि 'नको' म्हणण्यालाही काही आधार नव्हता. हत्यार आहे ते वापरण्यासाठी, हे मीच तिला सहा महिने शिकवीत होतो. आठ दिवस दगड तसाच टेबलावर पडला होता.

नवव्या दिवशी तिने तो हातात घेतला. फणसाच्या बैठकीच्या सांध्यातून वर्षानुवर्षांचे वाळलेले तेल सुईने हळूहळू खरवडून काढले, आणि दगड बैठकीतून उचलला. मग तो उलटा करून माझ्यापुढे धरला. खालची बाजू नव्यासारखी सपाट होती. तिच्यावर कधी पाते फिरलेच नव्हते. तिने चर खाली घालून दगड पुन्हा लाकडात बसवला आणि माझ्याकडे शिवणयंत्राच्या तेलाची बुधली मागितली.